अफरातफर, अपहार आणि घोटाळा: तिन्ही एकच का?

तुमचा प्रश्न असा आहे: पतसंस्थेकडून आलेल्या नोटिशीत 'अपहार' लिहिलंय, त्याच प्रकरणाला पेपरात 'अफरातफर' म्हटलंय आणि गावात सगळे 'घोटाळा' म्हणतात. हे तिन्ही एकच का, 'अफरातफर' हा शब्द आला कुठून, आणि सरळ 'चोरी' का म्हणत नाहीत?

मी नोकरीभर सहकारी संस्थांचं ऑडिट केलं. यातला कुठला शब्द अहवालात लिहायचा, यावर कितीतरी रात्री जागून काढल्या आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

अफरातफरीपासून सुरुवात करतो. अरबीत 'इफरात' म्हणजे अतिरेक, हद्दीबाहेर जाणं, आणि 'तफरीत' म्हणजे कमी पडणं, हयगय करणं. दोन्ही एकाच धातूतून निघालेले. फारसी-उर्दूत ही जोडी 'इफरात-ओ-तफरीत' अशी एकत्र बोलली जाऊ लागली: इथे जास्त, तिथे कमी, कशाचंच प्रमाण नाही. बोलता बोलता शेवटचे 'त' झिजले आणि 'अफरा-तफरी' उरलं. हिंदीत आजही त्याचा अर्थ गोंधळ, पळापळ असाच आहे. फलाटावर गर्दी उसळली की 'अफरा-तफरी मच गई' म्हणतात, आणि त्यात पैशाचा काही संबंध नसतो.

आपली अफरातफर याच कुळातली. मराठीत आल्यावर तिने आपला साचा घेतला. उलथापालथ, अदलाबदल यांच्या शेजारी ठेवून बघा, तोच ठेका आहे आणि तेच स्त्रीलिंग. पण अर्थाने मात्र ती हिंदीतल्या बहिणीपासून दूर गेली आणि दप्तरात जाऊन बसली. मराठीत अफरातफर रस्त्यावर होत नाही, वहीत होते.

असं का झालं असावं, याचं माझं उत्तर साधं आहे. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, दफ्तर ही सगळी फारसी-अरबी मंडळी. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घडवले, आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. पण कारकुनाच्या वहीतला जमाखर्च जमाखर्चच राहिला. पेशव्यांच्या दप्तरातही तोच, माझ्या दप्तरातही तोच. अशा वातावरणात 'इथे जास्त, तिथे कमी' म्हणणारा शब्द हिशेबाला चिकटणारच. खोटी वही करायची तर दुसरं काय करतात? खर्चाच्या बाजूला जास्त, जमेच्या बाजूला कमी. मूळ अरबी जोडीचा अर्थ मराठी कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, अक्षरशः उतरला, असं मला वाटतं.

आता गावकऱ्यांचा घोटाळा घ्या. १९९२ साली हर्षद मेहताचं रोखे प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर हा शब्द ऐकला की आपल्याला कोटींचे आकडेच दिसतात. पण घरात आपण अजून त्याचा जुना अर्थ वापरतो. 'दोघांची आडनावं सारखी, म्हणून माझा घोटाळा झाला.' इथे कुणी काही चोरलेलं नाही, नुसती गल्लत झाली आहे. 'घोळ'ही तसाच, लग्नाच्या याद्यांतही होतो आणि बँकेच्या खात्यातही. 'भानगड' तशीच. 'गोलमाल' तसाच.

या शब्दांची रांग लावली की एक गोष्ट लक्षात येते. विश्वासाने हाती दिलेल्या पैशाच्या चोरीला आपल्या भाषेने जी नावं दिली, त्यातली बहुतेक मुळात गोंधळाची नावं आहेत. ज्यांनी हे शब्द वापरात आणले त्यांनी वह्या पाहिल्या असणार. कारण ही चोरी सापडते तेव्हा ती चोरीसारखी दिसतच नाही. कुलूप तुटलेलं नसतं, तिजोरी उघडी नसते. दिसतो तो फक्त पसारा: दोन महिने न लिहिलेली कीर्द, न जुळणारी तेरीज (सगळ्या खात्यांची गोळाबेरीज), आणि 'नंतर लावू' म्हणून अनामत खात्यावर टाकलेल्या रकमा.

एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकात एका विकास सोसायटीचं ऑडिट करत होतो. सचिव मोठे गोड माणूस, मी पोहोचायच्या आधी चहा हजर. वसुलीच्या पावत्या तपासून झाल्या, बेरजा बरोबर होत्या. थकबाकीदारांच्या यादीत एका म्हातारीचं नाव होतं, म्हणून तिच्या घरी खात्री करायला गेलो. ती म्हणाली, "म्या भरल्यात की रं बाबा. कागुद हाय माझ्यापाशी." देवघरातल्या डब्यातून तिने घडी करून ठेवलेली पावती काढली. पावतीवर १,४०० रुपये. सोसायटीत परत येऊन त्याच क्रमांकाची स्थळप्रत, म्हणजे पावतीपुस्तकात राहणारी कार्बनची नक्कल, काढली, तर तीवर ४००. एकाच पावतीच्या दोन अंगांवर दोन आकडे. मधला कार्बन काढून पावती वेगळी लिहिलेली, स्थळप्रत वेगळी.

सचिवांपुढे दोन्ही कागद ठेवले. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, जरा घोटाळा झाला हिशेबात."

त्या क्षणी मला या शब्दाची भीती वाटली, आणि ती अजून जात नाही. म्हातारीचे १,००० रुपये त्यांच्या खिशात गेले होते आणि वाक्यात 'घोटाळा झाला' होतं. झाला! पाऊस झाला तसा. करणारा माणूसच वाक्यातून गायब. जुनी सगळी स्थळपुस्तकं मागवली आणि घरोघर फिरून पावत्या गोळा केल्या, तेव्हा अशी १७ खाती निघाली. सतराही घरं लिहिता-वाचता न येणाऱ्यांची होती. गोंधळात इतकी अचूक निवड होत नसते.

म्हणून अहवालात मी 'अपहार' लिहिलं. हा शब्द वेगळ्याच घराण्यातला आहे. 'हृ' म्हणजे नेणं, 'अप' म्हणजे दूर. कुणीतरी उचललं आणि नेलं. यात पसारा नाही, कर्ता आहे. अपहरण याच धातूतून येतं. आणि हा शब्द काही भाषांतरकारांनी परवा घडवलेला सरकारी शब्द नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो पारिभाषिक शब्द म्हणून व्याख्येसकट आला आहे.

दुसऱ्या अधिकरणात कौटिल्य खजिना कशाने झिजतो याची आठ कारणं देतो, त्यात शेवटचं अपहार. त्याची व्याख्या अशी: 'सिद्धमायं न प्रवेशयति, निबद्धं व्ययं न प्रयच्छति, प्राप्तां नीवीं विप्रतिजानीते.' वसूल झालेली रक्कम जमेला घेत नाही, मंजूर खर्च देत नाही, आणि हाती असलेली शिल्लक नाकारतो. तिन्हींपैकी एकही बदलायची गरज नाही. पावती फाडून कीर्दीला न घेतलेली वसुली हा पहिला प्रकार. मजुरांच्या नावे पैसे उचलून त्यांना न दिलेली मजुरी दुसरा. तिसरा प्रकार कुठल्याही ऑडिटरला रोजचा आहे: वहीप्रमाणे हातशिल्लक ६०,०००, पेटी उघडली तर ९,०००, आणि 'बाकीचे घरी ठेवलेत साहेब, उद्या आणतो'.

तिथला 'नीवी' शब्द मला फार आवडतो. संस्कृतात नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ, आणि नीवी म्हणजे शिल्लक, मुद्दलही. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका अजून कनवटीला पैसे लावतात. हातशिल्लक या शब्दात हात आहे, त्यांच्या शब्दात कंबर होती.

याच अध्यायात कौटिल्य सांगतो की हरणाचे उपाय ४० आहेत, आणि मग ते एकेक करून मोजून दाखवतो. आधी वसूल झालेलं नंतर दाखवलं. नंतर वसूल झालेलं आधी दाखवलं. एकाकडून वसूल झालेलं दुसऱ्याच्या नावे दाखवलं. द्यायचं होतं ते दिलं नाही. थोडं देऊन जास्त लिहिलं. आणि 'बहुसिद्धमल्पं कृतम्', म्हणजे जास्त वसूल झालेलं कमी दाखवलं. म्हातारीची पावती हीच. ते चार शब्द वाचताना मला तिचा देवघरातला डबा आठवतो.

'एकाचं दुसऱ्याच्या नावे' हा प्रकार पतसंस्थांमध्ये फार चालतो. सोमवारी आलेले पैसे खिशात घालायचे, बुधवारी दुसऱ्याकडून आले की त्यातून सोमवारच्या माणसाचं खातं पूर्ण करायचं, शनिवारच्या पैशातून बुधवारचं. याची टोपी त्याला. जोवर नवे पैसे येत राहतात तोवर सगळं जुळतं. करणारा माणूस त्यामुळे कधी रजा घेत नाही, आजारी पडला तरी कामावर येतो. सगळे त्याला कामसू म्हणतात. वर्षानुवर्षं एकही रजा न घेणारा कॅशियर दिसला की मी आधी त्याचीच कीर्द उघडायचो.

कौटिल्याच्या त्या आठ कारणांच्या यादीत आणखी एक भेद आहे, तो तुमच्या कामाचा आहे. खजिन्यातले पैसे परस्पर व्याजाने फिरवणं याला तो अपहार म्हणत नाही. त्याला 'प्रयोग' असं वेगळं नाव आहे आणि दंड नफ्याच्या दुप्पट. अपहाराला दंड १२ पट. आज जिल्हा परिषदेच्या किंवा सोसायटीच्या ऑडिटमध्ये 'तात्पुरता अपहार' म्हणतात, म्हणजे पैसे काही दिवस वापरले आणि परत भरले. बरेच जण समजतात की भरले म्हणजे मिटलं. मिटत नाही. पैसे परत आल्याने नुकसान भरून निघतं, कृत्य पुसलं जात नाही, आणि कायद्यानेही काही काळापुरता केलेला अपहार हा अपहारच आहे.

आता 'चोरी का म्हणत नाहीत' याकडे येतो, कारण हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चोरीत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असते आणि चोर ती त्याच्या संमतीशिवाय काढून नेतो. अपहारात पैसे हातात येतात ते रीतसर. म्हातारीने स्वतःच्या हाताने, सचिवाला सचिव म्हणून, पैसे दिले. तिथवर काहीच चुकीचं घडलेलं नाही. फसवणूक यांच्या मधली: तिथे खोटं आधी येतं आणि त्या खोट्याला भुलून माणूस पैसे देतो. गंडा घालणं, टोपी घालणं हे शब्द त्या गुन्ह्याचे. अपहारात विश्वास आधी असतो, खरा असतो, आणि मग तो मोडतो.

इंग्लंडच्या कायद्याला हा फरक फार महागात पडला. १७९९ साली लंडनच्या एका बँकेतल्या बेझली नावाच्या कारकुनाने ग्राहकाने भरलेल्या रकमेतली १०० पौंडांची नोट सरळ खिशात घातली. खटला चोरीचा चालला. न्यायाधीशांनी विचार केला की नोट ग्राहकाच्या हातातून कारकुनाच्या हातात आली, ती बँकेच्या गल्ल्यात पोहोचलीच नाही. बँकेच्या ताब्यात जे आलंच नाही ते बँकेकडून चोरलं कसं जाईल? चोरी सिद्ध होईना, आणि पार्लमेंटला त्याच वर्षी 'एम्बेझलमेंट'चा वेगळा कायदा करावा लागला. हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'नासधूस करणे, नाहीसे करणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. त्यांच्या नजरेला गायब झालेली वस्तू दिसली, आपल्या नजरेला विस्कटलेली वही.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे सुरुवातीपासून वेगळं होतं. कलम ४०३ अप्रामाणिकपणे केलेल्या अपहाराचं, आणि ४०५ पासून ४०९ पर्यंत फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेबाबतचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात अपहार कलम ३१४ मध्ये आहे आणि न्यासभंग ३१६ मध्ये. कारकून किंवा नोकराने केला तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. लोकसेवक, बँकर किंवा एजंट यांनी केला तर १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. साध्या चोरीला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत. म्हणजे 'चोरी' म्हणालात तर गुन्हा जड नव्हे, हलका होतो.

बोलीभाषेने हे केव्हाच ओळखलंय. चोर पैसे 'नेतो', पण चेअरमन पैसे 'खातो'. जो राखायला बसवला त्याच्यासाठीच आपण खाण्याची भाषा ठेवली आहे. कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. हीसुद्धा जुनी प्रतिमा आहे. 'न भक्षयन्ति ये त्वर्थान्' असं कौटिल्य म्हणतो: जे पैसे खात नाहीत, न्यायाने वाढवतात, त्यांना कायम पदावर ठेवावं. जिभेवर ठेवलेला मध चाखल्याशिवाय राहवत नाही, तसं राजाच्या पैशाशी वावरणाऱ्याला थोडं तरी चाखल्याशिवाय राहवत नाही, हेही त्याचंच. आणि पाण्यात फिरणारा मासा पाणी पितो की नाही हे कळत नाही, तसं कामावर नेमलेला माणूस पैसे घेतो की नाही हे कळत नाही. या शेवटच्या श्लोकाशी मात्र मी सहमत नाही. कळतं. प्रत्येक माशाने किती पाणी प्यायलं ते स्थळप्रतीत आणि देवघरातल्या डब्यात मिळून लिहिलेलं असतं, फक्त दोन्हीकडे जावं लागतं.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार उपाशी लोकांसाठी उघडलं. धान्य सरकारी, दामाजी कोठाराचे राखणदार, परवानगी नाही. आजचा एखादा कडक वकील यात न्यासभंग शोधून काढेल. पण त्या कथेला अफरातफर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि ते केवळ भक्तीमुळे नाही. दामाजींनी दार दिवसाढवळ्या उघडलं, वहीत पोती तशीच आहेत असं लिहिलं नाही. अफरातफर व्हायला नुसतं घेणं पुरत नाही, घेतल्यावर हिशेब गढूळ करावा लागतो. अपहार आणि अफरातफर यांत मला जाणवणारा फरक हाच: अपहार म्हणजे पैसे नेणं, अफरातफर म्हणजे नेलेलं कळू नये म्हणून आकडे हलवणं. कायद्याला पहिला शब्द पुरतो. गाव दुसरा वापरतं, कारण गावाच्या वाट्याला तो हललेला हिशेबच आलेला असतो.

वापराबद्दल दोन गोष्टी. टीव्हीवर हल्ली 'स्फोटानंतर अफरातफरी माजली' असं ऐकू येतं. ते हिंदीतून आलेलं आहे, मराठीत त्याला धावपळ, गोंधळ, पळापळ असे चांगले शब्द आहेत. दुसरं, मनी लाँडरिंगच्या बातम्यांतही पेपर 'पैशांची अफरातफर' लिहितात. हे मला खटकतं. गैरमार्गाने आलेला पैसा दहा खात्यांतून फिरवून स्वच्छ दाखवणं म्हणजे काळ्याचं पांढरं करणं. तो पैसा कुणाच्या तिजोरीतून अपहार करून आलेला असेल किंवा नसेलही. दोन्हींना एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याला कळतच नाही की नेमकं काय घडलं.

आता तुमची नोटीस. तिच्यात 'अपहार' हा शब्द आहे, हे चांगलं आहे. 'हिशेबातील अनियमितता' असं असतं तर मी काळजी करायला सांगितली असती. त्या शब्दाच्या शेजारी कुणाने, किती रकमेचा आणि कुठल्या काळात हे लिहिलं आहे का ते बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ८८ उल्लेखलं असेल तर संबंधितांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करायचं काम सुरू झालं आहे. कलम ८३ असेल तर अजून चौकशीची पायरी आहे. तुमच्या ठेवीच्या पावत्या आणि पासबुक यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, पण मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, 'नोंद करून लगेच परत देतो' म्हणाले तरी. त्या सोसायटीत १७ खाती निघाली ती १७ घरांनी कागद जपले म्हणून. अठरावं घरही होतं. तिथल्या आजोबांनी आपली पावती सचिवांकडेच ठेवायला दिली होती, आणि त्यांच्या खात्यावर मला काहीच सिद्ध करता आलं नाही.